शो म्हणजे मीठ

मंगळवार, 24 सप्टेंबर 2024

लेकाने विचारलं होतं, "व्हिएन्ना बघायचंय की प्राग?" मी म्हटलं, मिठाची खाण. तो गप्पच झाला.

बुडापेस्टला येऊन आम्हाला तीन आठवडे झाले होते. डॅन्यूब काठचे रस्ते बुडवून नुकती उतरणीला लागली होती. दमट हवेने ह्यांच्या दम्याने पुन्हा डोकं वर काढलं होतं. लेकाच्या ऑफिसातल्या एका मुलीचं आजोळ रोमेनियात, पराइद नावाच्या गावी. तिथे जमिनीच्या पोटात मिठाची खाण आहे आणि दम्याची माणसं तिच्यात उतरून तासन्‌तास बसतात, असं ती म्हणाली. दमा म्हटल्यावर ह्यांनी मान डोलावली. मी मात्र मिठासाठी निघाले होते. माझे वडील पेणजवळच्या एका मिठागरावर कारकून होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं मिठाच्या राशींवरून घसरगुंडी खेळायचो आणि रात्री खरचटलेल्या ढोपरांना मीठ झोंबलं की रडायचो. आमच्याकडे मीठ 'पिकतं'. ते खणून काढतात हे फक्त भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं.

पहाटे सहाला मिनीबस निघाली. आत पंधराएक माणसं, बहुतेक गावी निघालेली, प्रत्येकाच्या पायाशी दोन-दोन पिशव्या. आपल्याकडे गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाडीत जे वातावरण असतं तेच, फक्त भजनं नाहीत. सीमेवर पासपोर्ट तपासले. (1 जानेवारी 2025 पासून रस्त्यावरची ही तपासणी बंद झाली, आम्ही तिचे शेवटचे मानकरी.) पुढे कोलोजवार, म्हणजे नकाशावरचं क्लुज, मग मारोशवाशारहेय, म्हणजे नकाशावरचं तिर्गू मुरेश. इथे प्रत्येक गावाला दोन नावं, एक सरकारी आणि एक घरचं. मला त्याचं नवल वाटलं नाही. कागदावर एक आणि तोंडात दुसरं नाव असलेली माणसं आमच्या घरातच पाच-सहा आहेत.

संध्याकाळी पराइदला पोचलो. वेशीवरच्या पाट्यांवर नाव तीनदा: वर रोमेनियन 'प्राइद', खाली हंगेरियन 'पराइद', आणि शेजारी काड्या मांडल्यासारख्या कोरीव अक्षरांत पुन्हा एकदा. ती इथल्या जुन्या लिपीतली. आता कुणी तिच्यात वाण्याची यादी लिहीत नाही, पण पाटीवर हवी म्हणजे हवी. ही माणसं सेकेय, ट्रान्सिल्व्हेनियाच्या पूर्व कोपऱ्यातले हंगेरियन. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 च्या तहात हा सगळा मुलूख रोमेनियाकडे गेला. माणसं जिथल्या तिथे राहिली, सीमा त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली. चलन लेय, पोलीस रोमेनियन, पण बेकरीत, चर्चमध्ये, कुत्र्याला हाक मारताना हंगेरियन.

आमच्या यजमानीणबाई सत्तरीच्या. त्यांना 'नेनी' म्हणायचं असं लेकाच्या मैत्रिणीने बजावून सांगितलं होतं. नेनी म्हणजे आपल्याकडची मावशी, वयाने मोठी असलेली कुठलीही बाई. फाटक लाकडी, माणूसभर उंचीच्या वर आणखी एक माणूस उभा राहील एवढं, नक्षीने भरलेलं. त्याच्या डोक्यावर कबुतरांसाठी छोटं कौलारू घर. कबुतरं मात्र समोरच्या विजेच्या तारेवर बसली होती. नेनींची नात कॉलेजात शिकते, तिचं इंग्रजी चांगलं. आम्ही भारतातले म्हटल्यावर नेनींनी छातीवर हात ठेवला आणि एकच शब्द उच्चारला, "चोमा!"

कोरोशी चोमा शांदोर. सेकेय माणूस, जन्म 1784 चा. हंगेरियन लोकांचं मूळ आशियात कुठे सापडतं ते शोधायला निघाला, बरीचशी वाट पायी तुडवत लडाखपर्यंत पोचला. मूळ काही सापडलं नाही, पण तिबेटी भाषा शिकला आणि 1834 साली कलकत्त्याला तिबेटी-इंग्रजी कोश छापून घेतला. 1842 मध्ये दार्जिलिंगला तापाने गेला, कबरही तिथेच. इथे शाळेतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. नेनींनी विचारलं, तुम्ही दार्जिलिंगला त्याच्या कबरीवर गेला असाल ना? आम्ही गेलो होतो 1998 साली, टायगर हिलवरचा सूर्योदय बघायला आणि चहा घ्यायला. मी "नाही" म्हटलं तेव्हा मला खरंच ओशाळल्यासारखं झालं.

बुधवार, 25 सप्टेंबर

खाणीकडे जायचं तर गावातून तिकीट काढून बसमध्ये बसायचं. साधी बस, आपल्या एसटीची धाकटी बहीण म्हणा. ती डोंगराच्या कुशीत शिरते आणि सव्वा किलोमीटरच्या बोगद्यातून खाली खाली जाते. डिझेलचा वास, दिव्यांचे पिवळे ठिपके, आणि भिंती इतक्या जवळ की खिडकीतून हात काढला तर साल निघेल. ह्यांनी खिशातला पंप चाचपला. मला एकदम कसारा घाटातला बोगदा आठवला, लहानपणी आम्ही त्यात श्वास रोखून धरायचो. हा बोगदा त्या हिशेबात बसणारा नव्हता.

बस थांबते तिथून पुढे पायऱ्या, दोनशेच्या आसपास, लाकडी. उतरताना गुडघे काही बोलत नाहीत. वर येताना बोलतात. शेवटच्या वळणावर एकदम समोर मोकळं झालं, आणि मी कठड्याला धरून उभीच राहिले.

खाण म्हटल्यावर डोळ्यांसमोर अंधार, वाकून चालणं, टोपीवरचा दिवा असलं काहीतरी असतं. इथे देवळाच्या सभामंडपासारखी दालनं, पण आठ-दहा देवळं एकमेकांच्या डोक्यावर ठेवावीत एवढी उंच. दिवे लावलेले, तरी छत धड दिसत नाही. भिंतींवर काळे, करडे, पांढरे पट्टे. ओलं लुगडं पिळून दोरीवर टाकावं तसे ते पट्टे वळलेले, मुरडलेले. नातीने समजावलं: सुमारे 1 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटला, मीठ खाली बसलं, वर माती-दगडांचे थर चढले. मीठ दगडापेक्षा हलकं आणि दाबाखाली कणकेसारखं वळणारं, त्यामुळे जिथे फट मिळाली तिथून ते वर वर सरकत आलं. पराइदखाली त्याचा खांबच आहे, सव्वा-दीड किलोमीटर रुंद आणि अडीच किलोमीटरहून जास्त खोल. भिंतीवरच्या मुरडी म्हणजे त्या वर सरकण्याच्या खुणा.

कुणी बघत नाही असं बघून मी भिंतीला जीभ लावली. आधी काहीच नाही, नुसता थंड दगड. मग हळूहळू, मागून चालत यावी तशी चव आली. आमच्या आगरातल्या मिठाला एक कडवट शेपूट असतं, खाडीची, चिखलाची आठवण. ह्याला ती नाही. हे सरळसोट खारट. सैंधव. मागे वळून बघते तर चारेक वर्षांचा एक मुलगा शेजारच्या भिंतीला जीभ लावून उभा, आणि त्याची आई माझ्याकडे बघून हसत होती.

आणि माणसं! तळाशी आख्खं गाव नांदत होतं. खेळायला घसरगुंड्या, झोके, दोऱ्यांवरून लोंबकळायचा बाग, बॅडमिंटन, मुलांच्या सायकली. खानावळ. मिठात कोरलेलं छोटं चर्च, सगळ्या पंथांना चालेल असं. एका कोपऱ्यात चार आजोबा गळ्याला मफलर गुंडाळून पत्ते कुटत बसले होते, त्यांच्यापाशी थर्मास आणि घडीच्या खुर्च्या. हे दम्यावाले. डॉक्टर दोन-अडीच आठवड्यांचा नेम सांगतात, रोज सकाळी खाली यायचं आणि चार तास बसायचं. हवा बारा महिने 14 ते 16 अंश, ओलावा ठरावीक, धूळ-परागकण नाहीत. 1980 च्या सुमारापासून खाणीत असे उपचार पद्धतशीर चालू आहेत. एका आजोबांनी ह्यांना खुणेनेच "दमा?" विचारलं, स्वतःच्या छातीवर थाप मारून दाखवली आणि शेजारची खुर्ची सरकवली. तीन तास हे तिथून हलले नाहीत. रमीचा हंगेरियन प्रकार शिकले आणि अकरा लेय हरले. पंप एकदाही काढला नाही. आता तो मिठाचा गुण की पत्त्यांचा, ते ह्यांना विचारलं तर मिठाचा म्हणतात.

मी फिरत राहिले. इथली पहिली नियमबद्ध खाण 1762 ची, ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा हिच्या काळातली, नाव योझेफ. ट्रान्सिल्व्हेनियातल्या जुन्या खाणी घंटेसारख्या: वर अरुंद तोंड, खाली रुंद होत गेलेली. माणसं दोरीच्या शिडीने उतरायची, टिकावाने मिठाचे ठोकळे पाडायची, आणि घोड्यांनी फिरवलेल्या रहाटाने ते वर ओढायचे. ठोकळे भरायला पोती असायची म्हशीच्या कातड्याची. म्हैस! ह्या थंड डोंगरांत म्हशी आहेत, बऱ्याच पूर्वीपासून. काल बसमधून एक कळप दिसला तेव्हा आम्ही दोघं एकदमच ओरडलो होतो, बाकीचे प्रवासी दचकले.

उत्खनन अजून चालू आहे, पर्यटकांपासून दूर दुसऱ्या भागात. निघताना एक कामगार जिन्यावर भेटला. नात त्याला म्हणाली, "यो सेरेंचेत." खाणवाल्यांचा नमस्कार हा, अर्थ 'नशीब साथ देवो'. खाणीत 'शुभ दिवस' म्हणायचं नाही, तिथे दिवस नसतोच.

गुरुवार, 26 सप्टेंबर

ज्या टेकडीच्या पोटात काल शिरलो तिच्यावरून आज चाललो. तिला 'शोहात' म्हणतात, मिठाची पाठ. हंगेरियनमध्ये एकटा एस म्हणजे 'श', त्यामुळे मीठ म्हणजे 'शो'. हा आख्खा टापू 'शोविदेक', मिठाचा मुलूख. शेजारची दोन गावं अलशोशोफल्वा आणि फेलशोशोफल्वा, म्हणजे खालचं आणि वरचं मीठगाव. खालचं-वरचं हे आपल्या खुर्द-बुद्रुकसारखंच.

टेकडीतून कोरोंद नावाचा ओढा जातो. त्याने मीठ कापून कापून घळ केली आहे, तिथे मीठ उघड्यावर दिसतं. पावसाने धुपून त्याला उभ्या धारदार चुण्या पडल्यात, बोट फिरवलं तर कापेल अशा. काठाच्या चिखलावर पांढरी साय, आणि त्यात ओळखीची झुडपं: जाड, रसाळ, लालसर देठांची. अशीच आमच्या खाजणात, बांधाच्या कडेला उगवतात. मी एक देठ मोडून चावला, तोच खारट रस. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. झाडाला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

ओढा त्या दिवशी अगदी गरीब होता, घोट्याएवढं पाणी. नेनी आमच्याबरोबर तिथवर आल्या होत्या. त्यांचे यजमान 31 वर्षं खाणीत होते. त्यांनी काठीने ओढा दाखवला, मग काठी खाली जमिनीकडे केली. नातीने भाषांतर केलं: "आजोबा म्हणायचे, खाणीत छत कोसळेल ह्याची भीती नाही. भीती ह्याची." ह्या ओढ्याचं पाणी खाणीत झिरपतं आणि त्याला अडवण्याची खटपट वर्षानुवर्षं चाललेली आहे, असं तिने पुढे सांगितलं. मी मान हलवली. मला आठवत होते वडील, मे महिन्याच्या शेवटी रोज संध्याकाळी अंगणात येऊन नैर्ऋत्येकडे बघणारे. वळवाची सर आली की मिठागरावर एकच धावपळ. पेंढा, गवत, ताडपत्री, हाताला लागेल ते राशीवर टाकायचं. सहा महिन्यांचं पीक एका रात्रीत खाडीला परत.

दुपारी स्वयंपाकघर. सप्टेंबर हा इथला बेगमीचा महिना. गल्लीत घरोघरी चुलीवर मिरच्या आणि वांगी भाजायचं काम चाललेलं. लाल, जाड, न तिखट मिरच्या. त्यांची सालं काढून, वांग्याच्या गरात मिसळून, तेलात तासन्‌तास आटवून बरण्या भरतात. त्याचं नाव झाकुस्का. त्याआधी नुसत्या भाजलेल्या वांग्याचा गर लाकडी सुरीने ठेचून, कच्चा कांदा आणि तेल घालून पावावर दिला. म्हणजे भरीतच की हो! लाकडी सुरी का, तर लोखंडाने वांगं काळं पडतं. वांग्याला हंगेरियनमध्ये 'पॉदलीझान' म्हणतात. हा शब्द तुर्की, त्याआधी फारसी आणि त्याच्याही आधी आपल्या संस्कृत 'वातिंगण'वरून आलेला, आणि आपलं 'वांगं'ही त्याच घरचं. हे मी नातीला सांगितलं, तिने नेनींना, आणि नेनींनी मला आणखी एक पाव वाढला.

पडवीत निळ्या झाकणाचं पिंप होतं. त्यात 'शोशवीझ', खारं पाणी. इथल्या गावांत खाऱ्या पाण्याचे झरे-विहिरी आहेत, लोक तिथून डबे भरून आणतात. कोबीचे आख्खे गड्डे ह्यात आंबवायचे, थंडीत त्याच्या पानांत खिमा-भात गुंडाळून शिजवायचा. डुकराचं मांस मुरवायचं तेही ह्यातच. नेनींनी पिंपात कच्चं अंडं सोडलं. ते तरंगलं, बंद्या रुपयाएवढा भाग पाण्यावर. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. आमच्या घरी लोणच्याच्या कैऱ्यांसाठी मिठाचं पाणी करताना आजी हेच करायची, फक्त अंड्याऐवजी बटाटा. अंडं आमच्या स्वयंपाकघरात येत नव्हतं.

मिठावर सेकेय लोकांचा जुना हक्क होता. 1562 साली त्यांनी ट्रान्सिल्व्हेनियाच्या राजाविरुद्ध, यानोश जिग्मोंदविरुद्ध बंड केलं आणि ते हरले. राजाने मीठ सरकारजमा केलं. शिवाय त्यांना वचकात ठेवायला दोन किल्ले उभारले. एकाचं नाव 'सेकेय उठतो', दुसऱ्याचं 'सेकेय पस्तावतो'. राजाला विनोदबुद्धी होती म्हणायची, जरा विषारी. पुढे मिठावर राखणदार बसले. घराखाली मीठ आणि ते उचललं तर चोर. हे ऐकताना ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मे 1930 मध्ये आपल्याकडे शिरोड्याला लोकांनी मूठमूठ मीठ उचललं आणि लाठ्या खाल्ल्या, ती गोष्ट मग ह्यांनी सांगितली. नेनींना भाषांतराची फारशी गरज पडली नाही. 'गांधी' आणि 'शो' एवढे दोन शब्द पुरले.

जेवणात पुलिस्का, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं. इतकं घट्ट की पाटावर उलटं करून दोऱ्याने कापतात. वर मेंढीचं चीज. ह्यांनी पुण्याहून आणलेली लसणाची चटणी काढली. नेनींनी चमचाभर खाल्ली, डोळे पुसले, आणि बाटलीतून पालिंका ओतली. आलुबुखाराची घरची दारू, औषध म्हणून. आम्ही औषध घेतलं.

शुक्रवार, 27 सप्टेंबर

आज घोटाळा झाला आणि तो सर्वस्वी आमचा. रोमेनियाची वेळ हंगेरीच्या एक तास पुढे. फोन आपोआप बदलतो, ह्यांचं 34 वर्षांचं मनगटी घड्याळ बदलत नाही, आणि ह्यांचा फोनपेक्षा घड्याळावर विश्वास. सोवाताची बस गेल्यानंतर पाऊण तासाने आम्ही थांब्यावर अगदी वेळेत हजर होतो. शेवटी नेनींच्या पुतण्याने गाडीने सोडलं. वाटेत एक शब्द बोलला नाही, पैसेही घेतले नाहीत.

सोवाता आठेक किलोमीटरवर, पण जिल्हा वेगळा आणि तोरा त्याहून वेगळा. पराइद गाव आहे, सोवाता रिसॉर्ट: जुने लाकडी बंगले, झालरीचे सज्जे, फिरायला निघालेली जोडपी. मध्ये 'मेद्वे' तळं, म्हणजे अस्वलाचं. नकाशावर ताणून वाळत घातलेल्या अस्वलाच्या कातड्यासारखं दिसतं म्हणून. 1875 साली इथली मिठाची जमीन खचली आणि खड्ड्यात पाणी साठून ते झालं. त्याची गंमत अशी: खाली जड खारं पाणी, वर ओढ्यांचं हलकं गोडं पाणी. ऊन वरच्या थरातून आत जातं, खालचं खारं पाणी तापतं, पण जड असल्यामुळे वर येऊ शकत नाही. दुलईखाली हात घातल्यासारखं, वर गार आणि हातभर खाली कोमट. पोहणाऱ्यांनी पाणी फार ढवळलं की थर मोडतात, म्हणून पोहण्याच्या वेळा ठरलेल्या. आम्ही लाकडी पुलावरून नुसती चक्कर मारली. (खाऱ्या पाण्याची हौस संध्याकाळी पराइदच्या बंदिस्त तलावात भागवली. हे वीस मिनिटं ओंडक्यासारखे तरंगले आणि शेवटी डोळ्यांत पाणी गेल्यावर पेणला ऐकू जाईल असे ओरडले.)

दुपारी कोरोंद. हे कुंभारांचं गाव, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मडकी, ताटं, सुरया, निळ्या-पांढऱ्या आणि तपकिरी, पक्ष्यांची आणि फुलांची नक्षी. मन मोठं आणि विमानाची बॅग 23 किलोची, त्यामुळे दोन वाडगे. पण माझं लक्ष खेचलं ते एका टपरीवरच्या टोप्यांनी. हाताला मऊ कातडं, रंग दालचिनीचा. कसलं कातडं? तर कसलंच नाही. बीचच्या खोडांवर खुरासारखी कडक अळंबी येते, तिला 'टाप्लो' म्हणतात. विकणारे आजोबा चाकूने तिच्या मधल्या थराचा पातळ काप काढून हातांनी ताणत होते. तळहाताएवढा तुकडा बघता बघता फुलक्याएवढा झाला, मग मोठ्या भाकरीएवढा. फाटत नाही! पूर्वी चकमकीची ठिणगी धरायला हेच वापरायचे. काड्यापेट्या आल्या, ठिणगी धरायची गरज संपली, मग त्याच्या टोप्या झाल्या. ह्यांनी एक घेतली. पुण्याच्या उन्हात घालणार आहेत म्हणे.

परतताना कुर्तोशकलाच खाल्लं. कणकेची पट्टी लाकडी रुळावर गुंडाळून, साखरेत घोळवून निखाऱ्यांवर फिरवत भाजतात. साखर वितळून काचेसारखी होते. रुळावरून सोडवलं की पोकळ नळकांडं, आतून धुराड्यासारखी वाफ. बुडापेस्टमध्ये ते पर्यटकांना आइस्क्रीम भरून विकतात. नेनींच्या मते तो गुन्हा आहे.

शनिवार, 28 सप्टेंबर

परतीचा प्रवास, लिहिण्यासारखं काही नाही. निघताना नेनींनी वर्तमानपत्रात गुंडाळून मिठाचा दगड दिला, सोललेल्या नारळाएवढा, करडा, मधून एक पांढरी शीर. यजमानांनी कधीतरी घरी आणलेला, खिडकीत ठेवलेला होता. मी नको नको म्हटलं. त्यांनी हातानेच 'खाली पुष्कळ आहे' अशी खूण केली.

पुणे, जून 2025

वरचं सगळं तेव्हा वहीत लिहिलेलं, आता टंकून काढते आहे. ते का, ते सांगते.

मे महिन्याच्या सुरुवातीला नातीचा निरोप आला होता की खाणीत पाणी शिरतंय, पर्यटकांना बंद केलंय. महिन्याच्या शेवटी तिथे भयंकर पाऊस झाला. त्या गरीब ओढ्याने तळ फोडला आणि तो सरळ खाणीत घुसला. तिने पाठवलेल्या चित्रफितीत ओढा जमिनीतल्या भोकात धबधब्यासारखा नाहीसा होत होता. दोन-तीन दिवसांत दालनं, खेळाचा बाग, चर्च, आजोबांचा पत्त्यांचा कोपरा, सगळं पाण्याखाली. माणूस एकही दगावला नाही. टेकडी खचायला लागली म्हणून ओढ्याजवळच्या घरांतली माणसं हलवली. विरघळलेलं मीठ किश-क्युक्युल्यो नदीत उतरलं, मासे मेले, खालच्या गावांत नळाचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. सोवाताचं तळं झालं त्याला यंदा दीडशे वर्षं. तेव्हाही मिठाची जमीनच खचली होती.

ज्या गावात वर्षाला लाखो माणसं यायची तिथे हंगामाच्या तोंडावर खोल्या रिकाम्या. नेनींचं घर वरच्या अंगाला, त्यांना हलावं लागलं नाही. मी फोन केला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नातीनेच सांगितलं, "आजी म्हणते, तुमचा दगड कसा आहे?"

दगड ओट्याजवळच्या फडताळात असतो. ह्या वर्षी आपल्याकडे मोसमी पाऊस कधी नव्हे इतका लवकर आला, 26 मेलाच. पराइदची खाण भरली तो हाच आठवडा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवताना फडताळाखाली ओल दिसली. मला वाटलं खिडकीतून सर आली. दगडाला घाम फुटला होता. पांढऱ्या शिरेवरून एक थेंब सावकाश खाली येत होता, तो मी बोटावर घेतला.

तेव्हापासून दगडाखाली कोरोंदचा वाडगा आहे. दोन दिवसांनी त्यात चमचाभर पाणी साठतं. हे म्हणतात टाकून दे. मी ते आमटीत घालते.